पुन्हा एक डाव

युरोपात व्हिडिओ गेमवर वयाचा आकडा छापलेला असतो आणि तो आकडा ठरवण्याचे काम 'पेगी' ही यंत्रणा करते. २०२४ च्या अखेरीस या यंत्रणेचे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून बरीच थट्टा झाली. 'बलाट्रो' नावाच्या पत्त्यांच्या खेळावर तिने १८ चा शिक्का मारला होता, आणि 'ईए स्पोर्ट्स एफसी' या फुटबॉलच्या खेळावर ३ चा. बलाट्रो एकदा विकत घेतला की पुढे त्यात एक छदामही घालावा लागत नाही, घालायचा म्हटला तरी सोय नाही. फुटबॉलच्या खेळात मात्र खऱ्या पैशाने बंद पाकिटे घेता येतात आणि आत कोणता खेळाडू आहे, हे पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. बलाट्रोचा कर्ता 'लोकलथंक' या टोपणनावाने वावरणारा एक कॅनडावासी आहे. आपणही अशी पाकिटे घातली तर आपल्याला ३ चा शिक्का मिळेल का, असे त्याने खवचटपणे विचारले. अपील झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १८ चे १२ झाले. पेगीचे चुकले कुठे, तर तिने पत्ते पाहिले, पोकरची नावे पाहिली आणि जुगार ओळखला. व्यवहार पाहिलाच नाही. बलाट्रोसारख्या खेळांना 'व्यसन लावणारे' म्हणणारे बरेच जण हीच चूक करतात. त्यात निंदा करणारे आहेत, तसे तोच शब्द कौतुक म्हणून जाहिरातीत छापणारेही आहेत. या खेळांची ओढ जबर आहे, यात वाद नाही. पण ती स्लॉट मशीनच्या ओढीपेक्षा वेगळ्या जातीची आहे, आणि हा वेगळेपणा दोन साध्या प्रश्नांनी तपासता येतो: दैव खेळाडूच्या निर्णयाच्या आधी येते की नंतर, आणि पैसा आत कुठून शिरतो?

या खेळांचे मूळ १९८० सालच्या 'रोग' नावाच्या खेळात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो रचला, पुढे बर्कलीचा केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. तेव्हाचे साहसखेळ मजकुरावर चालत. एकदा सोडवले की संपले, आणि ज्याने लिहिले त्याला तर पहिल्यापासून सगळी उत्तरे ठाऊक. या मंडळींना स्वतःलाही चकवील असा खेळ हवा होता. म्हणून त्यांनी भुयाराचे नकाशे आधी आखून ठेवण्याऐवजी ते दर वेळी संगणकाकडून नव्याने आखून घेतले. पडद्यावर चित्रे नव्हती: खेळाडू म्हणजे एक चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरे, भिंती म्हणजे रेघा. दुसरा नियम अधिक कडक होता. खेळ जपून ठेवता येई, पण तो पुन्हा उघडताच जपलेली प्रत पुसली जाई. मेलात की मेलात. मागे जाऊन चूक दुरुस्त करायची सोय नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून आणि तेही अनोळखी भुयारात. हा खेळ बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीसोबत विद्यापीठाविद्यापीठांत पोचला आणि त्याच्या वळणाच्या खेळांना 'रोगलाइक' असे नाव पडले. त्यातल्या एका पूर्ण खेळीला इंग्रजीत 'रन' म्हणतात. आपल्याकडे डाव हा शब्द त्याला चपखल बसतो.

पत्त्यांचा धागा दुसरीकडून आला. २००८ साली डोनाल्ड व्हॅकॅरिनो यांनी रचलेला 'डॉमिनियन' हा टेबलावर बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यातली कल्पना अशी की प्रत्येकाच्या हाती सुरुवातीला दहाच सामान्य पत्ते असतात, दर खेपेला त्यातले पाच ओढायचे, आणि खेळता खेळता नवे पत्ते मिळवून आपला कॅट आपणच घडवायचा. म्हणजे कॅट हे खेळाचे साधन न राहता खेळाचा विषयच झाला. २०१४ च्या सुमारास पीटर व्हेलन यांच्या 'ड्रीम क्वेस्ट'ने हे दोन धागे एकत्र बांधले. त्याची चित्रे इतकी ओबडधोबड होती की शाळकरी वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखी वाटावीत, पण रचना पक्की होती. मग सिएटलच्या अँथनी जोव्हानेट्टी आणि केसी यानो या जोडीने 'स्ले द स्पायर' आणला. तो २०१७ च्या नोव्हेंबरात अर्धवट रूपात आणि २०१९ च्या जानेवारीत पूर्ण रूपात विक्रीस आला. आज दुकानात या धर्तीचे जे डझनावारी खेळ दिसतात, ते बहुतेक याच घराण्यातले.

'स्ले द स्पायर'ची चाल समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. पहिल्या पात्राकडे दहा पत्ते: पाच वाराचे, चार बचावाचे, एक जरा विशेष. दर फेरीला पाच पत्ते हातात येतात आणि ते वापरायला तीन एकक शक्ती मिळते. समोरचा राक्षस पुढच्या फेरीत काय करणार, हे त्याच्या डोक्यावर आधीच लिहिलेले असते. वार करणार असेल तर किती घावांचा, तेही. प्रत्येक लढाई जिंकल्यावर तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्यायचा किंवा एकही घ्यायचा नाही. नवशिका दर वेळी घेतो. फुकट मिळते आहे, सोडायचे कशाला? पण दहा पत्त्यांच्या कॅटात आपला हुकमी पत्ता दर दोन फेऱ्यांत एकदा हाती लागतो, आणि तोच कॅट तीस पत्त्यांचा झाला की सहा फेऱ्यांत एकदा. चांगल्या पत्त्यांनीच चांगला कॅट पातळ होत जातो. हे ध्यानात यायला पाच-दहा डाव हरावे लागतात, आणि ध्यानात आले की आधीचे सगळे डाव वेगळ्याच उजेडात दिसू लागतात. राक्षस बलवान होता म्हणून नव्हे, तर तीन मजले खाली हावरेपणाने उचललेल्या एका पत्त्यामुळे आपण मेलो. हार इथे वाचता येते. या खेळांच्या ओढीबद्दल बोलताना सुंदर चित्रे, संगीत, फुटणारे फटाके यांचाच उल्लेख फार होतो. हारीच्या या वाचनीयतेचा होत नाही, आणि माझ्या मते कणा तोच आहे.

बलाट्रोत हेच तत्त्व आकड्यांच्या रूपात उघडेवाघडे दिसते. नेहमीचा बावन्न पानांचा कॅट, हातात आठ पाने, त्यातून जास्तीत जास्त पाच टाकून पोकरमधले एखादे जुळण करायचे: जोडी, तिक्कल, क्रमवारी, किंवा एकाच जातीची पाच पाने म्हणजे फ्लश. प्रत्येक जुळणाला दोन आकडे असतात, गुण आणि पट. दोहोंचा गुणाकार म्हणजे कमाई. फ्लशला मूळचे ३५ गुण आणि ४ पट. बदामचे राजा, राणी, दश्शी, सत्ती आणि चौकी टाकली तर त्यांचे ४१ गुण वर जमा होऊन ७६ होतात, गुणिले ४ म्हणजे ३०४. पहिले लक्ष्य ३०० चे आहे, म्हणजे एका हातात काम फत्ते. पण आठ टप्पे पार करून शेवटच्या लक्ष्यापाशी पोचावे, तर ते सहसा एक लाखाचे असते. बेरजेने तिथे कोणी पोचत नाही. त्यासाठी जोकर लागतात. खेळात असे दीडशे जोकर आहेत आणि साधारणपणे एका वेळी पाच बाळगता येतात. कोणी पट वाढवतो, कोणी पटाला गुणतो, कोणी शेजाऱ्याची नक्कल करतो. त्यांचा क्रमही मोजला जातो. पट ४ असताना आधी चार मिळवणारा आणि मग तिपटीने गुणणारा जोकर मांडला तर २४ होतात. उलट मांडले तर १६. तेच दोन जोकर, तीच पाने, आणि मांडणीच्या फरकाने एक तृतीयांश कमाई गेली. शिवाय शिल्लक पैशांवर व्याज मिळते, त्यामुळे आज जोकर घ्यावा की पैसे राखावेत, हा किराणा दुकानदाराचा प्रश्नही सोबत चालू असतो. हे पैसे अर्थात खेळातलेच. डाव संपला की तेही संपतात.

आता दैवाच्या जागेकडे येऊ. बावन्न पानांच्या सरळ कॅटातून आठ पाने आली, तर त्यांत एकाच जातीची किमान पाच असण्याची शक्यता सुमारे सात टक्के असते. बलाट्रोतच एक असा कॅट मिळतो ज्यात फक्त इस्पिक आणि बदाम आहेत, प्रत्येकी सव्वीस. त्यातून आठ पाने घेतली की फक्त चार-चार अशी सारखी वाटणी झाली तरच फ्लश हुकतो. म्हणजे शक्यता सत्तर टक्के. सातावरून सत्तरावर! हा कॅट आयता मिळतो, पण नेहमीच्या कॅटालाही डाव खेळता खेळता याच दिशेने नेता येते: नको ती पाने काढून टाकायची, चौकटची बदाम करायची, हवी ती पाने दुहेरी करायची. दैव तिथेच आहे, पान कोणते येईल ते कोणालाच ठाऊक नाही; पण कोणत्या पेटीतून पान येणार, ती पेटी खेळाडूने भरली आहे. आणि पान आल्यावर त्याचे काय करायचे, हेही त्यानेच ठरवायचे. स्लॉट मशीनमध्ये क्रम उलटा असतो. आधी पैसे टाकायचे, कळ दाबायची, म्हणजे माणसाचा सगळा निर्णय संपला; मग दैव येते आणि त्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवरील यंत्र असो की लास वेगासचे, लांब पल्ल्यात किती परत करायचे हे यंत्र बसवतानाच ठरलेले असते. तिथे दहा वर्षे खेळणारा आणि आज पहिल्यांदा बसलेला यांच्यात दैवाला फरक दिसत नाही.

यावर मानसशास्त्राचा अभ्यासक म्हणेल की हा फरक कागदावरचा आहे, मेंदूला तो कळत नाही. आक्षेप वजनदार आहे. बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले की बक्षीस ठरावीक खेपांनी न देता अनियमितपणे दिले तर प्राणी चोच मारणे सोडत नाही, आणि जुगाराच्या यंत्राशी त्याची तुलनाही त्यांनीच केली होती. लढाईनंतर समोर येणारे ते तीन पत्ते, बलाट्रोच्या दुकानात खेळातल्याच पैशांनी घेऊन फोडायची पाकिटे, हे अनियमित बक्षीसच नाही का? आहेच. २००९ साली ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी असेही दाखवले की जुगारात थोडक्यात हुकलेला डाव खेळणाऱ्याला आवडत नाही, तरी पुन्हा खेळण्याची इच्छा वाढवतो, आणि जिंकल्यावर जागे होणारे मेंदूचे भाग तेव्हाही जागे होतात. रोगलाइकमध्ये शेवटच्या राक्षसाचे दोन घाव शिल्लक असताना मरणे हे नेहमीचेच आहे. तेव्हा गळाला आमिष तेच लावलेले आहे, हे मान्य करायला हवे. पण अनियमित बक्षीस आयुष्यात अन्यत्रही भरपूर आहे. मासेमारीत आहे, संशोधनात आहे, लेख साभार परत येण्याच्या परंपरेतही आहे. नुसत्या अनियमितपणाने जुगार होत नाही. आमिषानंतर काय घडते, ते पाहावे लागते.

याहून धारदार आक्षेप एलेन लँगर यांच्या १९७५ सालच्या प्रयोगातून निघतो. एक डॉलरची लॉटरीची तिकिटे काहींना हाती दिली, काहींना स्वतः निवडू दिली. नंतर ती परत विकत मागितली तेव्हा, ज्यांना हाती दिली होती त्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आत किंमत सांगितली. ज्यांनी स्वतः निवडली होती त्यांनी साडेआठ डॉलरच्या वर. निवडण्याने जिंकण्याची शक्यता तसूभरही बदलत नव्हती, तरी माणसाला आपला हात लागला की आपले नियंत्रण आहे असे वाटते. मग 'माझी चूक झाली, पुढच्या डावात सुधारतो' ही रोगलाइक खेळाडूची भावना याच भ्रमाचा अवतार नसेल कशावरून? याचे उत्तर भावनेने देता येत नाही, पण निकालांनी देता येते. 'स्ले द स्पायर' आणि बलाट्रो या दोन्ही खेळांत प्रत्येक डावाला एक बीज असते, अक्षरे आणि आकड्यांची एक ओळ. तेच बीज दोघांनी टाकले तर दोघांच्या वाटेत तेच भुयार, तेच दुकान, तेच पर्याय येतात. 'स्ले द स्पायर'मध्ये रोज सगळ्या जगाला एकच बीज देणारा डावही असतो. दैव असे खिळवून ठेवल्यावर निकालांत जो फरक उरतो, तो बहुतांशी खेळणाऱ्याचा. आणि फरक मोठा असतो. त्याच खेळात अवघडपणाच्या वीस पायऱ्या आहेत. सामान्य खेळाडू ज्या विसाव्या पायरीवर एकामागून एक डाव हरतो, तिथेच मुरलेले खेळाडू लागोपाठ कितीतरी डाव जिंकतात. लॉटरीची तिकिटे निवडण्यात असा कोणी उस्ताद होऊ शकत नाही. नियंत्रणाची भावना इथे थोडी फुगलेली असेल, कारण काही डाव खरोखरच दैवाने बुडतात. पण ती पोकळ नाही.

आपल्याकडे हा युक्तिवाद न्यायालयात फार पूर्वी होऊन गेला आहे. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या १९६८ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला तीनपत्तीपासून वेगळे काढले. कारण असे दिले की पाने पिसताना दैव येते खरे, पण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, आणि कोणते पान धरायचे नि कोणते टाकायचे यात कौशल्य लागते. धरणे आणि टाकणे: कॅट घडवण्याच्या या खेळांचा सगळा जीव याच दोन क्रियांत आहे, हे त्या न्यायमूर्तींना कळवायला हवे होते. तरीही हा निवाडा मला पुरेसा वाटत नाही, आणि पुढे जे घडले त्यानेही तो अपुरा ठरला. कौशल्याच्या त्याच आडोशाने फोनवर पैसे लावून खेळायच्या रमीचा धंदा उभा राहिला आणि घरेदारे बुडाल्याच्या तक्रारी आल्या. कौशल्य लागते म्हणून खिसा रिकामा होत नाही, असे थोडेच आहे? उलट, कौशल्यात कमी असलेल्याचा तो अधिक खात्रीने रिकामा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने ही फूटपट्टीच बदलली: खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर बंदी, आणि प्रवेशाचे किंवा वर्गणीचे पैसे भरून नुसते खेळायचे असेल, तर तो वेगळा प्रकार. बंदीच्या शहाणपणाबद्दल मतभेद असू शकतील, पण फूटपट्टी योग्य जागी धरली आहे. पेगीला जे सुचले नाही ते आपल्या कायद्याला सुचले, असे म्हणायची संधी वारंवार येत नाही.

पैसा आत कुठून शिरतो, यावर खेळ बनवणाऱ्याचा स्वार्थ ठरतो, आणि स्वार्थावर रचना. नताशा डाऊ शूल यांनी लास वेगासच्या यंत्रांचा आणि तिथे बसणाऱ्या माणसांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१२ साली पुस्तक लिहिले. त्यात खुर्चीच्या उंचीपासून आवाजाच्या पट्टीपर्यंत सगळे 'माणूस उठू नये' या एकाच हेतूने कसे बेतलेले असते, ते दिसते. तिथला धंदा माणसाच्या बसण्याच्या मिनिटांवर चालतो. खेळाडूंच्या हालचालींची माहिती गोळा करणे हे तिथले मोठे शस्त्र आहे. आता गंमत पाहा, 'स्ले द स्पायर'च्या कर्त्यांनीही हेच केले. हजारो डावांची आकडेवारी त्यांनी जमवली: कोणता पत्ता कोणी उचलला, कोण कुठे मेला. पण तिचा उपयोग केला कमजोर पत्ते बळकट करायला आणि डोईजड झालेले खाली आणायला. माहिती दोन्हीकडे तशीच. फरक इतकाच की एकदा विकून मोकळ्या झालेल्या कर्त्याला तुमच्या पाचशेव्या तासातून काही मिळत नाही. लोकलथंक तर याहून पुढे गेला. बलाट्रोचे हक्क कधीही जुगाराच्या वा कॅसिनोच्या धंद्याला विकले किंवा वापरायला दिले जाऊ नयेत, अशी तरतूद आपण मृत्युपत्रात केल्याचे त्याने जाहीर केले आहे. पहिल्या महिन्यात दहा लाख प्रती विकल्या गेलेल्या, पुढे पन्नास लाखांवर गेलेल्या खेळासाठी कोणत्या दिशेने गिऱ्हाईक येऊ शकते, याची त्याला नेमकी कल्पना असावी.

इथवरचा युक्तिवाद 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'पाशी येऊन जरा लटपटतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०२३ साली ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्तम खेळ ठरलेला हा रोगलाइक ल्यूका गलांते यांनी रचला. ते आधी जुगाराच्या खेळांच्या उद्योगात प्रोग्रामर होते आणि त्या अनुभवाची छाप इथे दिसते. खेळाडूने फक्त इकडेतिकडे चालायचे, शस्त्रे आपोआप चालतात. पेटी उघडली की रोषणाई, संगीत, उधळणारी नाणी, आणि आत एक वस्तू की तीन की पाच, याची धाकधूक. निर्णय आहेत, पण विरळ. हार वाचता येते, पण तितकी स्पष्ट नाही. शिवाय हरलात तरी मिळवलेल्या नाण्यांतून कायमची ताकद विकत घेता येते, म्हणजे पुढच्या डावात तुम्ही सुधारला नसलात तरी खेळ सोपा होतो. 'हेडीस' या दुसऱ्या रोगलाइकमध्येही ही सोय आहे, आणि तिथे कथेच्या ओघात ती खपून जाते. पण शिकण्याचे श्रेय आणि नुसते टिकून राहण्याचे बक्षीस यांची त्यात सरमिसळ होते, ही माझी तक्रार आहे. दैव-निर्णयाची माझी पहिली कसोटी लावली तर 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' स्लॉट मशीनच्या बराच जवळ बसतो. दुसऱ्या कसोटीवर मात्र तो दूर जातो: पाच डॉलरच्या आसपास किंमत, आणि पेटीतली धाकधूक खऱ्या पैशाने विकत घेता येत नाही. या घराण्याला एकच प्रमाणपत्र देता येणार नाही, प्रत्येक खेळ वेगळा तपासावा लागतो, एवढेच यातून निघते.

उरतो वेळेचा आक्षेप, आणि तोच मला सर्वांत खरा वाटतो. पैसे गेले नाहीत तरी रात्र जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगच्या विकाराला जागा आहे. ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, असे सहसा वर्षभर दिसले तर तो विकार मानतात. चार रात्री जागून बलाट्रो खेळणारा यात बसत नाही, आणि त्याला व्यसनी म्हणून आपण खऱ्या रुग्णाची दशा हलकी करतो. तरीपण हातातल्या यंत्राने एक गोष्ट बदलली, ती या व्याख्येत मावत नाही. 'रोग' खेळायला विद्यापीठाच्या टर्मिनलसमोर जाऊन बसावे लागे आणि कधीतरी तिथून उठावेही लागे. २०१७ चा निन्टेंडो स्विच, २०२२ चा स्टीम डेक आणि आपल्याकडे अर्थातच फोन, यांवर डाव कुठेही थांबवता येतो: बटण दाबले की यंत्र झोपते, पुन्हा दाबले की तीच पाने हातात. 'स्ले द स्पायर' २०२० पासून आयफोनवर आणि पुढच्या वर्षापासून अँड्रॉइडवर आहे. बलाट्रो २६ सप्टेंबर २०२४ ला फोनवर आला. लोकलच्या प्रवासात अर्धा डाव आणि परतताना अर्धा, ही सोयच आहे. तिची दुसरी बाजू अशी की या खेळांत थांबण्याची जी नैसर्गिक जागा असते, म्हणजे मरण, ती हलक्या हाताने पुसली जाते. 'रोग'च्या काळात डाव संपला की माणूस खुर्चीवरून उठे; आता डाव संपला त्याच पडद्यावर, अंगठ्याखाली, नव्या डावाचे बटण तयार असते.

यावर उपाय कर्त्यांच्या हातात आहे, पण त्यांनी तो फारसा वापरलेला नाही. डाव संपल्यावर वाया गेलेल्या निर्णयांचा हिशेब दाखवणारे पान या खेळांत अजून फार बाळबोध असते: किती गुण, कुठे मेलात, कोणते बीज, संपले. हार वाचता येणे हा जर या खेळांचा कणा असेल, तर ती वाचायला जागा आणि सवड द्यायला काय हरकत आहे? बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर डावानंतर चालींचे विश्लेषण मिळते, आणि ते वाचणारा माणूस निदान तितका वेळ पुढचा डाव खेळत नाही. बलाट्रोत मात्र आठवा टप्पा जिंकल्यावरही अंतहीन डावाचे आमंत्रण येते. तिथे लक्ष्ये इतक्या झपाट्याने वाढतात की तीनशेवर शून्ये लागून संगणकाला आकडा पेलत नाही, आणि पडद्यावर संख्येऐवजी 'नॅन-ई-इन्फ' अशी निरर्थक अक्षरे उमटतात. ती उमटवण्यासाठी कोणते जोकर कोणत्या क्रमाने मांडावेत, याचा अभ्यास करणारे खेळाडू आज जगभर आहेत.